साताऱ्याहून मिरजेला, पिशवीत मिक्सर

मुलांनो, मिक्सर म्हटलं की तुम्हाला खोबऱ्याची चटणी आठवते ना? आज आपण एका दुसऱ्याच मिक्सरला बरोबर घेऊन फिरायला निघणार आहोत. हा चटणी वाटत नाही, आवाज मिसळतो. पाटीपेक्षा थोडा मोठा, चपटा डबा. त्यावर रंगीबेरंगी बटणं. पिशवीत सहज मावतो. मंडपवाल्याकडे, भजनी मंडळाकडे, आणि आता बऱ्याच शाळांतही असा डबा दिसतो.

शाळेच्या गॅदरिंगला काय होतं, ते तुम्ही पाहिलंच असेल. एखादी मुलगी महिनाभर नाटकाचं पाठांतर करते. तिचा आवाज जरा बारीक असतो. कार्यक्रमाच्या दिवशी गाण्याची कॅसेट, नाहीतर पेन ड्राइव्ह, दणदणत असतो, आणि तिचं एकही वाक्य मागे बसलेल्या तिच्या आजीपर्यंत पोचत नाही. वाटतं, स्पीकर लहान होता. पुष्कळदा स्पीकर चांगला असतो, पण मिक्सरवरची बटणं कुणाला नीट ठाऊक नसतात.

ती बटणं खोलीत बसून शिकता येतात. पण आवाजाचा स्वभाव कळतो तो गावोगाव फिरल्यावर. आपल्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांत तर काय नाही? सोसाट्याचा वारा आहे, जत्रा आहे, तमाशा आहे, रेडिओ आहे, तंबोरे आहेत. प्रत्येक गावात एकेक बटण समजून घेऊ. चला!

सातारा : आधी डबा पाहू

एस.टी. सुटायला वेळ आहे तोवर डबा मांडीवर घ्या. प्रार्थनेला वर्गांच्या रांगा लागतात ना, तशाच याच्यावर बटणांच्या उभ्या रांगा आहेत. एका रांगेला 'चॅनल' म्हणतात. एक चॅनल म्हणजे एक आवाज. पहिल्या रांगेत निवेदकाचा माईक, दुसरीत पेटीचा, तिसरीत गाण्यासाठी मोबाइल किंवा कॉम्प्युटर, असं आपण ठरवायचं.

रांग वरून खाली वाचायची. सगळ्यात वर माईकची वायर खोचायची जागा. तिच्याखाली 'गेन' नावाचं बटण. मग आवाजाचा पातळपणा आणि जाडपणा कमी-जास्त करणारी 'ट्रेबल' आणि 'बास'. मग इको. मग आवाज डावीकडच्या स्पीकरला पाठवायचा की उजवीकडच्या, हे ठरवणारं 'पॅन'. सगळ्यात खाली त्या चॅनलचा 'लेव्हल'. मोठ्या मिक्सरवर तिथे सरकवायची पट्टी असते, तिला फेडर म्हणतात. लहानावर फिरवायचं बटणच असतं. सगळ्या रांगांचे आवाज शेवटी 'मेन' या बटणापाशी एकत्र येतात आणि तिथून अँप्लिफायरकडे आणि स्पीकरकडे जातात.

माईकची वायर खोचताना नीट पाहा. तिला तीन पिना असतात. दोन तारांतून एकच आवाज जातो, पण दुसऱ्या तारेत उलटा करून. तिसरी तार जाळीसारखी दोघींभोवती असते. वाटेत ट्यूबलाइटची किंवा मोटरची गुणगुण शिरली, तर ती दोन्ही तारांत सारखीच शिरते. मिक्सर एका तारेतून दुसरी वजा करतो. सारखी गुणगुण वजाबाकीत शून्य होते आणि आवाज मात्र दुप्पट होतो. बघा, गणित कुठे कुठे उपयोगी पडतं ते!

चालू करण्याचा क्रमही पाठ करून ठेवा. आधी सगळी लेव्हलची बटणं शून्यावर. मग वायरी जोडायच्या. मग मिक्सर चालू. सगळ्यात शेवटी अँप्लिफायर. बंद करताना बरोबर उलटं, आधी अँप्लिफायर, मग मिक्सर. क्रम चुकला तर स्पीकरमधून 'थाड' असा आवाज येतो आणि एखादे दिवशी स्पीकर फाटतोही.

चाळकेवाडी : वाऱ्याला गाळणी

साताऱ्याहून सज्जनगडाच्या रस्त्यानं पुढे गेलं की ठोसेघरचा धबधबा लागतो आणि त्याच्याही वर चाळकेवाडीचं पठार. इथे पवनचक्क्या रांगेनं उभ्या आहेत. पवनचक्क्या इथेच का? कारण इथला वारा. आता या पठारावर माईक हातात धरून बोलून पाहा. तुमच्या शब्दांपेक्षा 'घूं... घूं...' हाच आवाज जास्त येईल.

आवाज म्हणजे हवेची थरथर. एका सेकंदात किती वेळा थरथर होते त्याला हर्ट्झ म्हणतात. मोठ्या माणसाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण १०० ते २०० हर्ट्झच्या घरात असतो, तुमच्यासारख्या मुलांचा त्याहून वर, २५० च्या पुढेमागे. वाऱ्याचा घूंकार मुख्यतः त्यांच्याही खाली असतो. म्हणून मिक्सरवर 'लो-कट' नावाचं एक छोटं बटण असतं. ते दाबलं की साधारण ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा आवाज गाळला जातो. चहा गाळतो तसंच: चहा खाली आणि भुकटी वर. माईकवर स्पंजाची टोपी घातली आणि लो-कट दाबलं, की उघड्या मैदानावरचं १५ ऑगस्टचं भाषणसुद्धा स्वच्छ ऐकू येतं.

पुसेगाव : मिसळलेलं वेगळं होत नाही

परत साताऱ्यात येऊन कोरेगावमार्गे पुसेगावची गाडी पकडू. इथली सेवागिरी महाराजांची यात्रा म्हणजे माणसांचा आणि बैलांचा महासागर. थंडीच्या दिवसांत भरते. महाराजांच्या रथावर भाविक नोटांच्या माळा वाहतात. आपण मात्र डोळे मिटून नुसतं ऐकायचं. पाळण्याचा घरघराट, पिपाण्या, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, जनरेटर, आणि मध्येच कर्ण्यावरून हरवलेल्या पोराची घोषणा.

अशा गर्दीत मधोमध एकच माईक उभा केला तर काय होईल? सगळं एकाच वेळी त्यात शिरेल. आणि एकदा का एका माईकमध्ये शिरलं, की या डब्यावरचं कुठलंच बटण त्यातून पोराचं नाव वेगळं काढून देणार नाही. भेळेतून कुरमुरे परत निवडता येतील, पण आवाज नाही.

यावर उपाय दोन. पहिला, जो आवाज महत्त्वाचा, त्याला स्वतंत्र माईक आणि स्वतंत्र चॅनल. दुसरा, माईक तोंडाजवळ. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झालं की आवाजाची शक्ती निम्मी होत नाही, चौथा हिस्सा उरते. म्हणून तोंडापासून चार बोटांवर माईक धरणाऱ्याचा आवाज जत्रेतही वेगळा उठतो, आणि हातभर लांब धरणारा ओरडून ओरडून घसा बसवून घेतो. चार बोटं! एवढं तर आजच लक्षात ठेवा.

म्हसवड : केराबाईंच्या ओव्या

पुसेगावहून दहिवडी, गोंदवले करत गाडी म्हसवडला येते. हा माण तालुका, पाऊस कमी, मेंढरं जास्त. सिद्धनाथाचं मोठं देऊळ इथे आहे. आणि इथेच २००८ साली माणदेशी फाउंडेशननं 'माणदेशी तरंग' हे सामुदायिक रेडिओ केंद्र सुरू केलं, ९०.४ मेगाहर्ट्झवर. सामुदायिक रेडिओ म्हणजे गावाचा रेडिओ. सरकारनं २००६ साली स्वयंसेवी संस्थांना असं केंद्र चालवायची परवानगी दिली. याचा आवाज फार लांब जात नाही, आसपासच्या गावांपर्यंतच. पण त्यावर बोलतात ते आसपासचेच लोक, आपल्याच बोलीत.

या केंद्रावर ओव्या आणि लोकगीतं म्हणणाऱ्या केराबाई सरगर रेडिओ जॉकी म्हणून प्रसिद्ध झाल्या. जात्यावर आणि रानात म्हटली जाणारी गाणी त्यांनी माईकपुढे म्हटली. जरा विचार करा. अशा कितीतरी आज्या-पणज्यांच्या ओव्या जात्याच्या घरघरीत विरून गेल्या. कारण त्यांच्यापुढे कुणी माईक धरलाच नाही.

अशा छोट्या स्टुडिओत साधारणपणे आपल्या पिशवीतल्यासारखाच मिक्सर असतो. दोन चॅनलवर बोलणाऱ्यांचे माईक, एकावर फोन, एकावर गाणी. इथे शिकायचं बटण म्हणजे लेव्हल. गाणं चालू असताना निवेदिकेला बोलायचं असेल, तर गाण्याचा लेव्हल हळूहळू खाली आणायचा, तिच्या बोलण्याखाली ते पायघडीसारखं पसरू द्यायचं, आणि बोलणं संपलं की पुन्हा वर. खटकन नाही, सावकाश. ओवी चालू असेल तेव्हा मात्र दुसरं काहीही नको. गाण्याचा चॅनल पूर्ण बंद.

आणखी एक. माईकच्या खोलीत स्पीकर लावत नाहीत, सगळे हेडफोन घालतात. का? त्याचं उत्तर पुढच्या गावांत मिळेल.

मोहित्यांचे वडगाव : बंद करायचं बटण

आता आपण सांगली जिल्ह्यात आलो. विटा ओलांडून कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावी जाऊ. २०२२ साली स्वातंत्र्यदिनापासून या गावानं एक गंमत सुरू केली. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला, की घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलं अभ्यासाला. साडेआठला दुसरा भोंगा, तोवर शांतता. ही बातमी देशभर गेली.

भोंगा लोकांना बोलवायला वाजतो हे ठाऊक होतं. गप्प करायलाही वाजतो, हे या गावानं दाखवलं!

मिक्सरवर प्रत्येक रांगेत असं एक बटण असतं, 'म्यूट'. लहान मिक्सरवर नसेल तर लेव्हल शून्यावर आणायचा. स्टेजवर पाच माईक असले आणि एकच मुलगा बोलत असला, तर बाकीचे चारही आवाज गोळा करतच असतात: पंख्याचा, पावलांचा, पडद्यामागच्या कुजबुजीचा. ते चार बंद केले की पाचवा एकदम स्वच्छ होतो. चांगला मिक्सरवाला ओळखायचा कसा? त्याचा हात आवाज वाढवायला कमी आणि नको तो बंद करायला जास्त वेळा जातो.

कायदाही लक्षात ठेवा बरं का. २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी आहे. काही ठरावीक दिवशी सरकार थोडी सूट देतं तेवढीच. आणि शाळा, दवाखाने यांच्याभोवतीचा १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र असतो. मिरवणुकीत आवाजाच्या भिंतीपुढे नाचल्यावर दुसऱ्या दिवशीही कानात 'टुंईं' वाजतं ना? ती कानाची तक्रार असते. कानाच्या आतले बारीक केसांसारखे तंतू एकदा मेले की पुन्हा उगवत नाहीत.

कवलापूर : दोन सारखे आवाज आणि ती शिट्टी

तासगावहून सांगलीकडे जाताना कवलापूर लागतं. हे तमाशाचं गाव. काळू-बाळू या नावानं गाजलेले जुळे भाऊ, लहू आणि अंकुश खाडे, इथलेच. त्यांचा 'जहरी प्याला' हा वग महाराष्ट्रभर गाजला. दोघं दिसायला सारखे, त्यामुळे लोकांची उडणारी धांदल हाच अर्धा विनोद!

तमाशाच्या रंगमंचावर पुढच्या बाजूला माईक ओळीनं लावलेले असतात. दोन माईक फार जवळ असले तर एकाच माणसाचा आवाज दोन्हींत शिरतो, पण दुसऱ्यात किंचित उशिरा. ते दोन आवाज मिक्सरमध्ये एकमेकांना काही ठिकाणी खोडतात आणि बोलणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं वाटतं. म्हणून नियम असा: माणूस माईकपासून जितक्या अंतरावर, त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माईकांमध्ये. तोंडापासून वीतभर लांब, तर दुसरा माईक तीन वितींवर. मोजून पाहा, फरक कळेल.

आता ती कान किटवणारी शिट्टी, 'कूंऽऽ'! ती अशी तयार होते. माईक ऐकतो, मिक्सर वाढवतो, स्पीकर ओकतो. तो आवाज माईक पुन्हा ऐकतो, पुन्हा वाढतो, पुन्हा ओकतो. एका सेकंदात हे कितीतरी वेळा घडतं. म्हणूनच रेडिओच्या खोलीत स्पीकर नसतो. तमाशाचे कर्णे नेहमी माईकच्या पुढे, लोकांकडे तोंड करून असतात. शिट्टी वाजली की घाबरून मेन बटणावर झडप घालू नका, नाहीतर सगळाच कार्यक्रम मुका होतो. कोणता माईक स्पीकरच्या तोंडाशी गेलाय ते बघा आणि तेवढाच कमी करा. माईकवर हाताची मूठ आवळून शिट्टी थांबेल असंही समजू नका, उलट वाढते!

सांगली : पुलावरच्या खुणा

सांगलीत आलात की कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर जायलाच हवं. १९२९ साली हा पूल वाहतुकीला खुला झाला. पावसाळ्यात सगळ्या सांगलीचं लक्ष त्याच्यावरच्या फुटांच्या आकड्यांकडे असतं. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं आणि निम्मं शहर पाण्यात गेलं. तुमच्यापैकी सांगलीकरांना ते दिवस सांगायला नकोत.

साताऱ्यात ज्याची फक्त ओळख झाली, ते 'गेन' बटण आता इथे शिकू. मिक्सरवर दिव्यांची एक ओळ असते: खाली हिरवे, मग पिवळे, सगळ्यात वर लाल. तो आपला आयर्विन पूल! हिरवा म्हणजे नदी पात्रात. पिवळा म्हणजे इशारा. लाल, ज्याच्याजवळ 'पीक' असं लिहिलेलं असतं, तो म्हणजे धोका. गेन हे नदीत पाणी सोडणारं दार. माईक ज्याच्या हातात आहे त्याला खऱ्या कार्यक्रमात बोलेल तेवढ्याच जोरात बोलायला सांगा. 'हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री' असं पुटपुटू देऊ नका, नाटकातलं सगळ्यात मोठं वाक्य म्हणू द्या. गेन हळूहळू वाढवा. लाल दिवा क्षणभर लुकलुकला की थोडं मागे या. झालं. पुढे कमी-जास्त करायचं ते लेव्हलनं. गेनला हात लावायचा नाही.

गेन फार वाढवलं तर आवाज फाटतो. मग तुम्ही मेन कितीही कमी करा, फाटलेला आवाज हळू ऐकू येईल, पण फाटलेलाच. पुराचं पाणी ओसरलं तरी घरातला चिखल राहतो, तसं. आणि गेन फारच कमी ठेवलं, तर पुढे सगळं वाढवावं लागतं आणि आवाजाबरोबर यंत्राची 'स्स्स्' सुद्धा वाढते.

सांगली हे नाटकाचंही गाव. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी इथे 'सीता स्वयंवर' केलं आणि मराठी रंगभूमीची सुरुवात झाली. म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. तेव्हा माईक नव्हता, वीजही नव्हती. नटाला आपला आवाज शेवटच्या माणसापर्यंत स्वतःच न्यावा लागे. मग १९६३ साली सांगलीला आकाशवाणी केंद्र आलं आणि इथला आवाज गावोगावच्या स्वयंपाकघरांत पोचू लागला. साधनं बदलली, पण प्रश्न तोच राहिला: शेवटच्या माणसाला ऐकू जातंय का? तेव्हा मिक्सर लावून झाला की स्वतः उठा, सगळ्यात मागच्या रांगेत जाऊन बसा आणि ऐका. मिक्सरच्या खुर्चीवरून हे कळत नाही.

मिरज : सगळ्यात हळू तो पहिला

सांगलीहून मिरज अगदी जवळ. इथे एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब नावाचे कारागीर होऊन गेले. ते शिकलगार, म्हणजे हत्यारं घडवणारे. त्यांनी तंतुवाद्यं घडवायला घेतली आणि आज मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना जगभर मागणी आहे. पंढरपूर भागातले मोठाले भोपळे आणून, वाळवून, त्यांचे तंबोरे करतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेतच राहिले. १९३७ साली ते गेले, आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. दर्ग्याच्या उरुसात आजही गायक-वादक सेवा रुजू करतात.

तंबोऱ्याला चार तारा. घोडीवर तारेखाली सुताचा एक धागा सरकवतात, त्यानं तारेला ती सुंदर झणझण येते. तिला जवारी म्हणतात. आवाज मात्र अगदी मृदू. तबला एका थापेत त्याला झाकून टाकतो. मग तंबोऱ्याला चॅनल कसा द्यायचा? माईक भोपळ्याच्या जवळ. गेन जरा जास्त, कारण मूळ आवाज लहान. लो-कट मात्र बंद, कारण पुरुषांच्या तंबोऱ्याची खर्जाची तार ७० हर्ट्झच्या आसपास बोलते; चाळकेवाडीला कामी आलेली गाळणी इथे तारच गाळून टाकेल! ट्रेबलही कमी करायचा नाही, जवारीची झणझण तिथेच राहते. काही नाजूक माईकना मिक्सरकडून ४८ व्होल्टची वीज लागते. तसा माईक असेल तर ते बटण दाबा, पण लेव्हल शून्यावर असतानाच.

आणि मिरजेचा शेवटचा धडा. सगळे आवाज एकत्र आणताना सुरुवात कुठून करायची? पुष्कळ जण तबल्यापासून किंवा गाण्याच्या पेन ड्राइव्हपासून करतात, कारण ते आधीच मोठे असतात. मग बाकीच्यांना त्यांच्या बरोबरीनं ओरडावं लागतं. तुम्ही उलटं करा. सगळ्यात हळू आवाज आधी लावा: तंबोरा, ओवी म्हणणारी आजी, किंवा बारीक आवाजाची ती वर्गातली मुलगी. तिचा आवाज मागच्या रांगेत स्वच्छ पोचला, की मग एकेक दुसरा आवाज हलकेच आणा आणि तिला झाकायच्या आत थांबा. मोठ्या आवाजांना वाट कुणी करून द्यावी लागत नाही. मिक्सर आहे तो लहान आवाजांसाठी.

या वर्षीच्या गॅदरिंगला एवढं नक्की करून पाहा:

१. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कागदावर लिहा, कोणत्या चॅनलवर कोण. मिक्सरवर चिकटपट्टी लावून त्यावर नावं घाला.
२. सगळे लेव्हल शून्य, मग वायरी, मग मिक्सर, शेवटी अँप्लिफायर.
३. एकेकाला बोलायला लावून गेन ठरवा. लाल दिव्याच्या जरा अलीकडे.
४. बोलण्याच्या माईकना लो-कट. रिकाम्या माईकना म्यूट.
५. सगळ्यात हळू आवाज सगळ्यात आधी.
६. मागच्या रांगेत जाऊन ऐका. एकदा नाही, प्रत्येक कार्यक्रमाला.

मिक्सर शाळेत नसेल तर मंडपवाल्या काकांच्या शेजारी तासभर बसा. त्यांना विचारा, "काका, हे बटण कशाचं?" आणि तोवर घरी आजीजवळ फोन ठेवा, चार बोटांवर नाही तरी वीतभर अंतरावर, पंखा आणि टीव्ही बंद करा, आणि तिला एक ओवी म्हणायला सांगा.